टिलनीचे अक्षर

“‘छपराचं शिसं’ इथपर्यंत आलास?” डीनसाहेबांनी डोळे न उघडताच विचारले.

“आलो, साहेब. पुढे ‘तीन ठिकाणी फाटलं आहे’ असं लिहू ना?”

“फाटलं नको. विरलं लिही. फाटलं म्हटलं की बिशप विचारणार, फाटेपर्यंत डीन काय करत होता? विरलं म्हटलं की दोष काळाचा.”

ॲम्ब्रोज टिलनीने हसू दाबले आणि ‘विरले’ असे लिहिले. गेली बावीस वर्षे तो हेच करत होता. डॉक्टर वेंटलो हे आमच्या ऑलमिन्स्टरच्या मोठ्या देवळाचे डीन, म्हणजे तिथल्या सगळ्या पाद्र्यांचे वरिष्ठ. त्यांची बोटे संधिवाताने आखडलेली असल्यामुळे सही तेवढी ते स्वतः करत. बाकी सारा पत्रव्यवहार टिलनीच्या हाताने चाले. छपराचे शिसे, प्रार्थनेच्या वेळी घोरणारे वयस्क पाद्री, कुणी पाठवलेल्या हरणाच्या मांसाबद्दल आभार, बहिणीला धाडायचे आलुबुखार, सगळे त्याच एका अक्षरात. ते अक्षर होतेही तसेच. लंडनहून आलेला एक कारकून ते बघून म्हणाला होता की ऑलमिन्स्टरहून आलेले पत्र उघडायच्या आधी माणूस हात पुसतो.

टिलनी विणकराचा मुलगा. लहानपणी देवळाच्या गायकवृंदात गायचा. आवाज फुटला तेव्हा संगीतशिक्षकाने त्याचे अक्षर पाहून त्याला डीनच्या कचेरीत बसवले. सहा वर्षांनी धाकटा असलेला त्याचा भाऊ ह्यू हाही त्याच गायकवृंदात होता, त्याच शिक्षकाकडे अक्षरे गिरवत होता; पण आवाज फुटल्यावर तो मुकाट्याने बापाच्या मागावर जाऊन बसला. ॲम्ब्रोजची बायको सिसली दोन वर्षांपूर्वी वारली होती. मूलबाळ नव्हते. उरली होती ती लेखणी.

सोळाशे छत्तीस सालचा सप्टेंबर होता तो. शिशाचे पत्र संपले, वाळू टाकून शाई टिपून झाली, तेव्हा डीनसाहेबांनी उशाखालून एक घडी घातलेले पत्र काढले.

“हे लंडनचं. परवाच आलंय. उत्तर टाळत होतो, पण आता टाळता येणार नाही. विणकर आळीतल्या त्या सभेची बातमी त्यांच्या कानावर गेलीय. नावं हवीत म्हणे.”

विणकर आळीत जोनास क्रॅबट्रीच्या घरी रविवारी संध्याकाळी आठ-दहा जण जमत. पाद्री नाही, वेदी नाही. कुणीतरी बायबल वाचायचे, कुणीतरी प्रार्थना म्हणायची, आणि मग ज्याला जे वाटेल ते त्याने बोलायचे. कायद्याने असल्या सभेला बंदी होती. गावात सगळ्यांना ठाऊक होते आणि सगळे ठाऊक नसल्यासारखे वागत होते.

“तू त्याच आळीतला ना रे? कोण कोण जातं?” डीनसाहेबांनी विचारले. आवाजात राग नव्हता. पावसापाण्याची चौकशी करावी तसे त्यांनी विचारले.

टिलनीने पिसाची लेखणी शाईत बुडवली. आळीत त्याला ‘डीनचं पीस’ म्हणत. मागच्याच रविवारी बाजारात चार लोकांदेखत ह्यू म्हणाला होता, “दादा, तू हंसाचं पीस तरी असतास तर उडाला असतास. तू तर नुसता लिहितोस.” लोक हसले होते. ह्यूसुद्धा. त्यात वाईट काही नव्हते, भावाभावांत चालतेच. पण ते हसणे आठवडाभर टिलनीच्या कानात राहिले होते.

“क्रॅबट्री स्वतः,” तो म्हणाला. “हॉलिस, दोघे भाऊ. लंगडा बार्थोलोम्यू. आणि ह्यू टिलनी.”

डीनसाहेबांनी डोळे उघडले. “तुझा भाऊ?”

“होय, साहेब.”

“मग ते नाव राहू दे हवं तर. चार पुरेत. लंडनवाल्यांना चार काय, पाच काय.”

त्या क्षणी त्याने होकारार्थी मान हलवली असती तर सगळे तिथेच मिटले असते. खिडकीबाहेर माळी कुंपण कापत होता, कात्रीचा आवाज येत होता. टिलनी ताठ बसला आणि म्हणाला, “नियम सगळ्यांना सारखाच असायला हवा, साहेब. दुसऱ्यांच्या भावांची नावं लिहायची आणि आपल्या भावाचं गाळायचं, हे बरं दिसणार नाही.”

डीनसाहेब त्याच्याकडे जरा वेळ पाहत राहिले. “तुझ्यासारखी चार माणसं असती तर या देवळाचं छप्पर विरलं नसतं,” ते म्हणाले.

बावीस वर्षांत त्यांनी एवढे कौतुक कधी केले नव्हते. टिलनीने पाचही नावे लिहिली. त्याला वाटले, व्यासपीठावरून चार शब्द ऐकवतील, दोन रविवार सगळ्यांसमोर उभे करतील आणि सोडून देतील. ह्यूला जरा अद्दल घडेल. त्याच दिवशी आणखी तीन पत्रे लिहून झाली. शेवटचे आलुबुखारांचे होते.

*

नोव्हेंबरात लंडनहून शिपाई आले आणि पाचही जणांना घेऊन गेले. तिथल्या धर्मन्यायालयासमोर चौघांनी चूक कबूल केली, माफीच्या कागदावर सह्या केल्या आणि नाताळाच्या आत ते घरी परतले. ह्यूने सही केली नाही. त्याला तुरुंगात ठेवले.

त्याची बायको मार्जरी तेव्हा तीस वर्षांची होती. तिला वाचता येत नव्हते. फेब्रुवारीत एक मालवाहू गाडीवाला तिला ह्यूचे पत्र देऊन गेला, तेव्हा ती ओल्या हातांनीच धावत टिलनीच्या खोलीवर आली. लोकर धुता धुता तशीच उठली होती. दारातूनच म्हणाली, “भावजी, त्याचं आहे ना? आधी एवढंच सांगा. त्याच्याच हातचं आहे ना?”

“त्याच्याच हातचं आहे. बस.”

ती बसली नाही. टिलनीने पत्र उलगडले आणि आधी मनात वाचले. वाचून झाल्यावरही तो पहिल्या ओळीकडेच पाहत राहिला.

“वाचा ना,” मार्जरी म्हणाली. “वाईट आहे का काही?”

“नाही, नाही. लिहितो की, मार्जरी, मी बरा आहे. इथे थंडी आहे, पण माझ्याकडे दोन घोंगड्या आहेत. इथे एक मीठ विकणारा आहे, तो घोरतो. त्याचं घोरणं आपल्या मागाच्या तालावर असतं, त्यामुळे घरी झोपल्यासारखं वाटतं.” मार्जरी हसली आणि लगेच तिने डोळ्यांना रुमालाचे टोक लावले. “लिहितो की, निळ्या सुताचं कापड अर्धं राहिलंय ते हॉलिसला पुरं करू दे. तो धोटा जोरात फेकतो, त्याला हळू फेकायला सांग.”

त्याने पान उलटले आणि शेवटच्या दोन ओळी वाचल्या. देव तुला सांभाळो. तुझा नवरा ह्यू.

मार्जरी पुढे झुकून कागदाकडे पाहत होती. “एवढंच? पान तर गच्च भरलेलं दिसतंय.”

“ह्यूचं अक्षर मोठं आहे,” टिलनी म्हणाला.

तिने ते मानले. का मानू नये? गावातल्या सगळ्यांत सुंदर अक्षराचा माणूस तिला अक्षराबद्दल सांगत होता. तिने पत्र घेतले, पोलक्यात ठेवले आणि नंतर ओल लागू नये म्हणून चुलीशेजारच्या मिठाच्या डब्यात ठेवले. पुढेही ते तिथेच राहिले.

मार्च महिन्यात तुरुंगातल्या तापाने ह्यू गेला. प्रेत आले नाही. ताप पसरेल म्हणून तिथेच चुन्यात पुरले. त्यानंतर डीनच्या घरावरून जाताना मार्जरी रस्त्यात थुंके. चौकीदाराने एकदा हटकले तर म्हणाली, “माझ्या नवऱ्याचं नाव ज्यानं लिहून पाठवलं त्याच्या दारात थुंकायलाही आता परवानगी लागते का?” टिलनी तेव्हा वरच्या खिडकीत होता. त्याने हे सगळे ऐकले.

त्याने विणकर आळीत जाणे सोडले. मार्जरीला वाटे, भावाच्या दुःखाने भावजी आळीत येत नाहीत. ती कुणाकुणाजवळ तसे बोलूनही दाखवी.

*

राजा आणि पार्लमेंट यांच्यात लढाई जुंपली आणि त्रेचाळीसच्या सप्टेंबरात पार्लमेंटचे सैनिक आमच्या गावात शिरले. त्यांनी देवळाच्या रंगीत काचा फोडल्या, ऑर्गन या मोठ्या वाद्याच्या नळ्या उपटून त्या फुंकत बाजारातून फिरले. वेंटलोसाहेबांना त्यांच्याच घराच्या स्वयंपाकघरात कोंडले, आणि कचेरीतला सारा पत्रव्यवहार धुण्याच्या टोपल्यांत भरून देवळाच्या सभागृहात नेला. पाठवलेल्या प्रत्येक पत्राची नक्कल टिलनीने वहीत उतरवून ठेवली होती. अशा एकोणीस वह्या होत्या.

राजाच्या बाजूच्या पाद्र्यांची चौकशी करायला पार्लमेंटने नेमलेल्या समितीचा प्रमुख स्टेव्हली नावाचा वकील होता. बारीक, नेटका, सदा सर्दी झालेला माणूस. त्याने टिलनीला बोलावले आणि छत्तीस सालची वही उघडून पुढे केली.

“अक्षर तुझं?”

“होय.”

“सुंदर आहे. वाचणाऱ्याचे श्रम वाचतात.” त्याने नाक पुसले. “डीननं ह्या पाच माणसांची नावं लंडनला कळवली आणि त्यातला एक मेला. बाकीच्या पत्रांत काय आहे? शिसं आणि आलुबुखार. हे एक पत्र त्याला पुरेसं आहे. गुरुवारी सगळ्यांसमोर तू एवढंच सांगायचंस, की शब्द डीनचे आणि तू फक्त लिहिलंस. मग तू मोकळा. आम्हाला लेखनिकांशी काही घेणं नाही.”

बुधवारी सकाळी टिलनीने पहाऱ्यावरच्या शिपायाला विनंती केली आणि तो डीनसाहेबांना भेटला. म्हातारे चुलीजवळ बसले होते. अंगावर दोन झगे होते, हात मांडीवर मेलेल्या पाखरांसारखे पडले होते. त्याला पाहून त्यांचा चेहरा उजळला.

“टिलनी! कागद आणलास? बहिणीला पत्र लिहायचंय. तिला वाटत असेल, मी मेलो.”

“कागद आत आणू देत नाहीत, साहेब.” तो खाली बसला. “साहेब, उद्या ते त्या विणकरांच्या पत्राबद्दल विचारणार आहेत.”

“कुठले विणकर?”

“छत्तीस साली लंडनहून नावं मागवली होती. क्रॅबट्री, हॉलिस. आणि माझा भाऊ.”

डीनसाहेबांनी कपाळाला आठ्या घातल्या. त्यांनी खरोखर आठवायचा प्रयत्न केला, हे टिलनीला दिसत होते. “छत्तीस. छत्तीस साली छपराचं काम काढलं होतं आपण. त्याच वर्षी आलुबुखार फार आले होते, नाही का? फांद्यांना टेकू द्यावे लागले.” मग ते थांबले. “तुला भाऊ होता?”

टिलनी त्यांच्याकडे पाहतच राहिला. सात वर्षे रोज उठताना आणि झोपताना त्याने त्या खोलीतला तो क्षण परत परत पाहिला होता. माळ्याच्या कात्रीचा आवाज, उघडलेले डोळे, ‘राहू दे हवं तर’. त्याला वाटत होते, ते ओझे दोघे जण मिळून वाहत आहेत. दुसऱ्या माणसाला ते ओझे आहे हेच माहीत नव्हते.

“होता, साहेब,” तो म्हणाला.

“काही काळजी करू नकोस,” म्हातारे म्हणाले. “पत्रावर सही माझी आहे ना? मग जे लिहिलं असेल ते माझं. तुला त्रास होऊ देणार नाही मी. एवढी वर्षं तू माझा हात होतास. हातावर कुणी खटला भरत नाही.”

संध्याकाळी मार्जरी आली. सात वर्षांत ती किती वाळली होती ते त्याने त्या दिवशी पहिल्यांदा नीट पाहिले. तिच्या हातात त्याची पांढरी गळपट्टी होती. आदल्या दिवशी ती त्याच्या घरमालकिणीकडून मागून नेऊन तिने धुऊन, खळ घालून, इस्त्री करून आणली होती.

“उद्या सगळ्या गावासमोर उभं राहायचंय तुम्हाला,” ती म्हणाली. “मळक्या गळपट्टीनं नको. भावजी, मी सात वर्षं ह्या दिवसाची वाट बघितली. त्या म्हाताऱ्याला तोंडावर सांगा. ह्यूचं नाव मोठ्यानं घ्या. आळीतली सगळी येणार आहेत.”

“मार्जरी,” तो म्हणाला.

“काय?”

“काही नाही. पट्टी छान झालीय.”

*

गुरुवारी सभागृह माणसांनी भरले होते. काचा फुटल्यामुळे आत वारा येत होता आणि समितीच्या टेबलावरचे कागद दगडांनी दाबून ठेवले होते. डीनसाहेबांना एका बाकावर बसवले होते. त्यांनी टिलनीला पाहून मान डोलावली, जणू नेहमीच्या कामाला बसायचे होते. मागे भिंतीशी विणकर आळी उभी होती, आणि सगळ्यांच्या पुढे मार्जरी.

स्टेव्हलीने पत्र मोठ्याने वाचले. पाचवे नाव आले तेव्हा मागे कुणीतरी हुंदका दिला. ती मार्जरी नव्हती.

“हे अक्षर तुझं, ॲम्ब्रोज टिलनी?”

“होय.”

“आणि शब्द डॉक्टर वेंटलो यांचे?”

“होय, माझेच,” बाकावरून डीनसाहेब म्हणाले.

“तुम्हाला विचारलं नाही. टिलनी, तू सांग.”

गळपट्टीची खळ मानेला टोचत होती. टिलनी म्हणाला, “शब्द त्यांचे. नावं मी सांगितली.”

“त्यांनी विचारली म्हणून तू सांगितलीस. हुकूम त्यांचाच झाला.”

“चार नावांचा. पाचवं नाव राहू दे म्हणाले होते. ‘तुझा भाऊ आहे, राहू दे,’ असं म्हणाले होते.” त्याचा आवाज त्यालाच परका वाटला. “मी म्हटलं, नियम सगळ्यांना सारखा. मी लिहिलं. त्यांना हे आठवतसुद्धा नाही. मला आठवतं.”

डीनसाहेब गोंधळून एकदा त्याच्याकडे, एकदा स्टेव्हलीकडे पाहत होते. टेबलाच्या टोकाला बसलेला समितीचा लेखनिक भराभर लिहीत होता. स्टेव्हलीने हात लांब करून त्याची लेखणी धरली.

“हे लिहू नकोस,” तो म्हणाला. “ह्यानं डीनची बाजू हलकी होते. ‘अक्षर आपलं असल्याचं कबूल केलं,’ एवढं लिही. टिलनी, तू जा.”

“पण मी सांगितलं ते—”

“ऐकलं आम्ही. जा आता.”

अशा रीतीने त्याचा जबाब कुठल्याच कागदावर आला नाही. त्या पत्रावरून डीनसाहेबांचे पद गेले, घर गेले, आणि निकाल सहा ओळींत लिहून झाला.

टिलनी बाहेर पडू लागला तेव्हा लोकांनी वाट करून दिली. हॉलिसांपैकी थोरला त्याच्या पायाशी थुंकला. मार्जरी जागची हलली नाही. तो तिच्यासमोर आला तेव्हा थांबला. तिने त्याच्या चेहऱ्याकडे पाहिले नाही. तिची नजर गळपट्टीवर होती. मग ती वळली आणि निघून गेली.

*

अकराव्या दिवशी ती त्याच्या दारात आली. कचेरी बंद झाली होती. टिलनीने बाजाराजवळ एक लहान खोली घेतली होती आणि लोकांची पत्रे, अर्ज लिहून देण्याचे काम सुरू केले होते. तिच्या हातात ह्यूचे पत्र होते.

“त्या दिवशी तुम्ही सगळं वाचलं नव्हतंत,” ती म्हणाली.

“नव्हतं.”

“किती सोडलंत?”

“सहा ओळी.” तो उठला. “दे इकडे. आत्ता वाचतो. एकही अक्षर—”

तिने पत्र मागे घेतले. “तुमच्या तोंडून नको.”

“मग देवळातला कुणी पाद्री...”

“कुणाच्याच तोंडून नको. मला वाचायला शिकवा.”

ती सदतीस वर्षांची होती. दिवसभर लोकर धुऊन, पिंजून तिच्या बोटांना भेगा पडलेल्या असत. पण त्या हिवाळ्यात ती रोज तिसऱ्या प्रहरी येई, स्टुलावर बसे आणि तासभर अक्षरे गिरवी. आली तरी नमस्कार नाही, गेली तरी निरोप नाही. ‘भावजी’ हा शब्द तिने पुन्हा उच्चारला नाही. अक्षरांपुरते तेवढे बोले.

“हे दोन सारखेच दिसतात.”

“ह्याचं पोट उजवीकडे आहे, ह्याचं डावीकडे.”

“कुणी ठरवलं असलं?” ती चिडून म्हणे आणि पुन्हा गिरवू लागे.

छापील अक्षरे डिसेंबरात तिला येऊ लागली. मग ती म्हणाली, “हे नाही. हातानं लिहिलेलं वाचायला शिकवा. त्याच्या हातचं.”

दोघा भावांनी एकाच शिक्षकाकडे अक्षर गिरवले होते. ह्यूचे जरा उजवीकडे कलायचे आणि ओळीच्या शेवटी त्याची घाई व्हायची, एवढाच फरक. टिलनी तिच्यासाठी धडे लिहू लागला ते तसे, कललेले, घाईचे. मेलेल्या भावाच्या हाताने तो रोज एक पान लिही. ‘मागावर सूत आहे.’ ‘नदीला पाणी आहे.’ ‘मार्जरी पाणी आणते.’ लिहिताना कधी कधी त्याला थांबावे लागे. ती वाट बघत बसे. काय झाले म्हणून विचारत नसे.

जानेवारीत वेंटलोसाहेब एका शेतकऱ्याच्या माडीवर वारले. घंटा वाजवायला परवानगी नव्हती. मातीला चार माणसे होती, त्यांतला एक टिलनी. तो परतला तेव्हा मार्जरी स्टुलावर बसलेली होती.

“गेला म्हणे.”

“हो.”

“बहीण आली होती?”

“नाही. तिला कळवायचं राहिलंय. मीच लिहीन.”

मार्जरीने पाटी पुढे ओढली. “आज शिकवणार की नाही?”

त्याने शिकवले.

मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात तिने पाटी बाजूला ठेवली, पोलक्यातून पत्र काढले आणि खिडकीजवळ गेली. टिलनी उठून बाहेर जाऊ लागला.

“बसा,” ती म्हणाली. “अडलं तर कुणाला विचारू?”

ती वाचू लागली. एकेक शब्द बोटाने धरून, आधी ओठांत आणि मग मोठ्याने. घोंगड्या आल्या, मीठ विकणारा आला, निळे सूत आले. मग ती पानाच्या खालच्या भागाशी आली आणि तिचा वेग आणखी कमी झाला.

“‘न्यायाधीशांच्या टेबलावर... ते पत्र होतं. उलटं होतं तरी... मी ओळखलं. अक्षर दादाचं. त्याला... सांगू नकोस की मला कळलं. माझ्याकडे आणखी नावं... मागतात. मी दिली नाहीत. देणारही नाही.’” इथे ती थांबली. श्वास घेतला. “‘दादा वाईट नाही. त्याला कुणी... चांगलं म्हटलेलं फार आवडतं. सिसली गेल्यापासून तो... नीट जेवत नाही. रविवारी त्याला काहीतरी...’” तिचे बोट एका शब्दावर अडले. तिने पत्र त्याच्यासमोर धरले. “हा कुठला?”

टिलनीने पाहिले. त्याला पाहायची गरज नव्हती.

“गरम,” तो म्हणाला.

“‘...गरम देत जा. मी असलो नसलो तरी.’”

खाली बाजारात कुणीतरी कोंबड्यांचा भाव करत होते. मार्जरीने उरलेल्या दोन ओळी मनातच वाचल्या आणि पत्राची घडी घातली.

“हे शेवटचं तरी वाचायचं होतंत,” ती म्हणाली.

“वरचं वाचल्याशिवाय ते कसं वाचणार होतो?”

तिने पाटी पुसून जागेवर ठेवली, स्टूल भिंतीशी सरकवले. दारात ती क्षणभर उभी राहिली. “उद्यापासून येणार नाही,” ती म्हणाली आणि जिना उतरून गेली.

पुढच्या रविवारी दुपारी दारावर थाप पडली. टिलनी उठून दार उघडेपर्यंत जिन्यात कुणी नव्हते. उंबऱ्यावर एक मातीचा वाडगा होता, वर बशी झाकलेली. त्यात वाटाण्यांची दाट पेज होती आणि डुकराच्या मांसाचा एक तुकडा. तो खिडकीशी गेला. मार्जरी गल्लीच्या टोकाला पोचली होती. डोक्यावरचा रुमाल घट्ट ओढून ती विणकर आळीकडे वळली. तिने मागे पाहिले नाही.

सोमवारी त्याने वाडगा घासून उंबऱ्यावर ठेवला. बाहेरून परतला तेव्हा तो तिथे नव्हता.

त्यानंतर नऊ वर्षे, टिलनी जिवंत होता तोपर्यंत, एकही रविवार चुकला नाही. बर्फ पडले तरी नाही, मार्जरी स्वतः आजारी असली तरी नाही. रस्त्यात भेटले तर ती दुसऱ्या बाजूने जाई. एकदा, सुरुवातीच्या वर्षांत, तो थाप पडायच्या आधीच दाराशी जाऊन उभा राहिला होता. पावले वर आली, वाडगा दगडावर टेकल्याचा आवाज झाला, आणि त्याने कडी काढली. ती वाकलेलीच होती. तिने त्याच्याकडे पाहिले, सावकाश सरळ झाली आणि म्हणाली, “मी गेल्यावर उघडत जा.”

त्याने दार लावून घेतले. पावले जिना उतरून गेली, खालचे दार वाजले. तो आणखी थोडा वेळ कडीवर हात ठेवून उभा राहिला, आणि मगच त्याने दार उघडले. बशीच्या कडेने वाफ येत होती.